आधी वापरा, मग पैसे द्या: इन्स्टॉलनंतर डेव्हलपरला पैसे देण्याची सोय कशी बांधायची?

कळफलक (धागाकर्ता)

ॲप फुकट उतरवायचं, वापरून बघायचं आणि पटलं तर पैसे द्यायचे, ही पद्धत जुनीच. १९८२ मध्ये पीसी-टॉक आणि पीसी-फाइल हे प्रोग्रॅम असेच पसरले. प्रत मित्राला द्या, उपयोग झाला तर चेक पाठवा, एवढाच करार. पुढच्या वर्षी पीसी-राइट आलं आणि 'शेअरवेअर' हे नाव रुळलं. चेक गेले, कार्डं आली, मूळ अडचण मात्र तशीच राहिली. इन्स्टॉल करताना माणूस पैसे देत नाही, कारण ॲप कसं आहे हे त्याला माहीत नसतं. ते कळेपर्यंत पैसे द्यायचं बटण त्याच्या नजरेआड गेलेलं असतं.

अशी चर्चा निघाली की गाडी लगेच 'गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) कुठला घ्यावा' या स्टेशनावर जाऊन थांबते. त्याआधी एक प्रश्न सोडवायला हवा: पैसे दिल्यावर ॲपमध्ये काय बदलणार?

काहीच बदलणार नसेल तर ती देणगी. कोणी पैसे दिले हे ॲपला कळायचीही गरज नाही. एक दुवा पुरतो. एखादी सोय उघडणार असेल तर ती विक्री. मग पुरावा लागतो, तो इंटरनेट नसतानाही चालावा लागतो, नव्या मशीनवर नेता यावा लागतो आणि पैसे परत गेले तर काय करायचं तेही ठरवावं लागतं. तिसरा प्रकार फसवा आहे: पैसे दिले की आठवण करून देणारी खिडकी बंद होते. वरून तो देणगीसारखा दिसतो, पण आतली यंत्रणा विक्रीचीच लागते, कारण कोणाला गप्प करायचं हे ॲपला ठाऊक असावं लागतं.

घोळ बहुतेक इथेच होतो. बटणावर 'देणगी' लिहायचं, बदल्यात गडद थीम द्यायची आणि पुरावा ठेवायची व्यवस्था करायची नाही. मग 'पैसे दिले, थीम कुठे गेली' अशा मेल येऊ लागतात. स्टोअरचे नियम आणि कर यांच्या लेखीही मोबदल्यात काही दिलं की ती विक्रीच.

मोबाइल, डेस्कटॉप, लिनक्स, वेब, ज्यांना जे नीट ठाऊक आहे त्यांनी लिहा. अनुभवकथन नको, नेमकी माहिती हवी.

---

सुटा_सेमिकोलन

मोबाइलपासून सुरू करतो, कारण तिथे निवडीला वाव कमी आणि चुकायला जागा भरपूर.

ॲपल डेव्हलपरला 'टिप' देऊ देतं, पण ती इन-ॲप खरेदीतूनच (ॲपलमार्फत ॲपच्या आत होणाऱ्या खरेदीतून). बाहेरच्या पानावर नेणारं देणगीचं बटण साधारणपणे ॲपलच्या रिव्ह्यूत (प्रकाशनाआधीच्या तपासणीत) अडकतं. ॲपच्या आत देणगी गोळा करायची मुभा मान्यताप्राप्त ना-नफा संस्थांना आहे. अमेरिकेच्या स्टोअरफ्रंटवर (त्या देशासाठीच्या स्टोअरवर) २०२५ च्या न्यायालयीन निकालानंतर बाहेरच्या दुव्यांबाबत ढिलाई आली, पण ती त्या स्टोअरफ्रंटपुरती आहे आणि प्रकरण अजून हलतं आहे. त्यावर ॲपची रचना बेतू नका.

टिप ठेवायची असेल तर उत्पादनाचा प्रकार 'कन्झ्युमेबल' (वापरून संपणारा) ठेवा, म्हणजे तोच माणूस पुन्हा देऊ शकतो. मात्र कन्झ्युमेबल खरेदी 'रिस्टोअर'मध्ये (जुन्या खरेद्या परत मिळवण्याच्या सोयीत) परत येत नाही. टिप देणाऱ्याला कायमचा बिल्ला द्यायचा बेत असेल तर फोन बदलल्यावर बिल्ला गायब होणार. कायम टिकणाऱ्या गोष्टीसाठी 'नॉन-कन्झ्युमेबल' वापरा आणि रिस्टोअरचं बटण सहज दिसेल असं ठेवा. ते नसेल तर रिव्ह्यूत ॲप परत येतं.

वापरून बघा, मग विकत घ्या, हा अधिकृत मार्गही ॲपलकडे आहे आणि फार जणांना तो माहीत नसतो. सबस्क्रिप्शन नसलेल्या ॲपमध्ये शून्य किमतीची एक नॉन-कन्झ्युमेबल वस्तू करायची, तिला '१४-डे ट्रायल' या धर्तीचं नाव द्यायचं. वापरणारा ती 'विकत' घेतो तेव्हापासून मुदत मोजायची. खरेदीची तारीख ॲपलच्या सही केलेल्या नोंदीत असते, त्यामुळे ॲप काढून पुन्हा टाकलं तरी मुदत पहिल्यापासून सुरू होत नाही. स्वतःच्या फाइलमध्ये तारीख लिहून ठेवण्यापेक्षा हे कितीतरी भक्कम.

ॲपलच्या खरेदी-व्यवस्थेत, म्हणजे स्टोअरकिट २ मध्ये, व्यवहारांचे बदल ऐकणारा भाग ॲप सुरू होताक्षणी चालू करा, खरेदीचा पडदा उघडल्यावर नव्हे. मुलाने केलेल्या खरेदीला पालक दोन तासांनी मंजुरी देतात, तेव्हा तो पडदा उघडा नसतो. आणि व्यवहाराला 'फिनिश' म्हणायचं ते वस्तू दिल्यानंतर, आधी नाही.

---

मुळाक्षर

सेमिकोलन यांनी ॲपल सांगितलं, मी गूगल प्ले सांगते.

पहिला नियम तीन दिवसांचा. खरेदी झाल्यावर ॲपने किंवा सर्व्हरने तीन दिवसांत 'ॲक्नॉलेज' (पोच देणं) केलं नाही तर पैसे आपोआप परत जातात आणि हक्क काढून घेतला जातो. 'लोक पैसे देतात आणि तीन दिवसांनी रद्द करतात' अशी तक्रार दिसली की बहुतेक वेळा कारण हेच. चाचणीसाठी नोंदवलेल्या खात्यांना ही मुदत तीन मिनिटांची असते, त्यामुळे चूक चाचणीतच पकडता येते. फक्त खरेदी झाल्या झाल्या ॲप बंद न करता पाच मिनिटं थांबून बघायला हवं.

दुसरं, टिपसाठीची वस्तू 'कन्झ्यूम' करायला (वापरून संपली असं कळवायला) विसरलात तर पहिली टिप मिळते, दुसऱ्या वेळी 'ही वस्तू तुमच्याकडे आधीच आहे' असं उत्तर येतं. कन्झ्यूम केलं की ॲक्नॉलेज वेगळं करावं लागत नाही.

तिसरं, 'पेंडिंग' अवस्था. काही देशांत दुकानात रोख भरून खरेदी पूर्ण करता येते. तोवर व्यवहार पेंडिंग असतो. त्या अवस्थेत काही उघडू नका आणि ॲक्नॉलेजही करू नका; तीन दिवसांची मोजणी व्यवहार 'पर्चेस्ड' झाल्यावरच सुरू होते. यासाठी ॲप प्रत्येक वेळी समोर आलं की खरेद्यांची यादी नव्याने विचारायची. एकदाच विचारून उत्तर जपून ठेवलं तर रोख भरणाऱ्याला काहीच मिळत नाही.

आणि एक परतीची वाट नसलेला निर्णय: प्लेवर ॲप एकदा फुकट केलं की पुन्हा सशुल्क करता येत नाही. त्यासाठी नवं पॅकेज नाव, म्हणजे नवं ॲप, म्हणजे जुने रिव्ह्यू आणि इन्स्टॉल सोडून द्यायचे.

---

सुटा_सेमिकोलन

यावरून आठवलं. ॲपलवर उलट प्रवास जास्त होतो: सशुल्क ॲप फुकट करायचं आणि आत 'पूर्ण आवृत्ती' विकायची. तेव्हा जुन्या ग्राहकांना पुन्हा पैसे मागायचे नसतात. ॲप-व्यवहाराच्या नोंदीत 'मूळ आवृत्ती' मिळते, तिच्यावरून जुना कोण ते ठरवायचं. पण आयफोनवर त्या रकान्यात बिल्ड क्रमांक (बांधणीचा अंतर्गत क्रमांक) येतो आणि मॅकवर लोकांना दिसणारा आवृत्ती क्रमांक. दोन्हीकडे एकच तुलना चालवली की एका बाजूचे जुने ग्राहक बाहेर पडतात. शिवाय सँडबॉक्समध्ये (चाचणीच्या वातावरणात) तिथे कायम '१.०' येतं, त्यामुळे चाचणीत सगळं बरोबर दिसतं आणि खऱ्या लोकांत फुटतं. तुलनेचा भाग वेगळा काढून त्याला हाताने आकडे देऊन तपासा.

---

खटपट्या

रकमेचा हिशोब कोणी मांडलेला नाही, तो मांडतो. कार्डाचं शुल्क लहान रकमेला फार लागतं. स्ट्राइप या गेटवेचा अमेरिकेतला नेहमीचा दर घ्या, २.९ टक्के अधिक ३० सेंट. एक डॉलर आला तर ३३ सेंट शुल्कात, म्हणजे एक तृतीयांश. पाच डॉलरवर ४५ सेंट, म्हणजे ९ टक्क्यांच्या आत. दहा डॉलरवर ५९ सेंट.

तुमच्या वतीने स्वतः विक्रेता होऊन कर भरणाऱ्या सेवा, म्हणजे पॅडल किंवा लेमन स्क्वीझी यांचा दर ५ टक्के अधिक ५० सेंट. एका डॉलरवर ५५ सेंट कापले जातात. पाचावर ७५ सेंट, वीसवर दीड डॉलर.

ॲपल आणि गूगलचा छोट्या डेव्हलपरसाठीचा १५ टक्क्यांचा दर (ॲपलकडे वर्षाला दहा लाख डॉलरच्या आतल्यांना, गूगलकडे पहिल्या दहा लाखांवर) यांच्या शेजारी ठेवला तर गंमत दिसते. अडीच डॉलरच्या खाली स्टोअर थेट कार्डापेक्षा स्वस्त पडतं. विक्रेता-सेवेशी बरोबरी पाच डॉलरवर होते: दोन्हीकडे ७५ सेंट. 'स्टोअर लुटतं' हे वाक्य वीस डॉलरच्या ॲपला लागू आहे, एका डॉलरच्या टिपला नाही.

म्हणून स्वतःच्या पानावर पैसे घेणार असाल तर किमान रक्कम तीन ते पाच डॉलर ठेवा. 'कितीही द्या' म्हणत एक डॉलरला दार उघडं ठेवण्यात औदार्य दिसतं, पण त्यातला मोठा वाटा मध्यस्थाला जातो. ज्यांना थोडं थोडं द्यायचं आहे त्यांच्यासाठी लिबरापे चांगलं. ती सेवा स्वतः काही कापत नाही, आणि देणारा अनेक आठवड्यांचे पैसे एकदम आगाऊ भरतो, म्हणून गेटवेचं ठरावीक शुल्क एकदाच लागतं. खेळ विकायच्या इच.आयओवर तर स्टोअरचा वाटा विक्रेताच ठरवतो. काही न बदलल्यास तो १० टक्के असतो.

---

बिट्टू

लिनक्सवर काय? तिथे तर स्टोअर पैसेच घेत नाही बहुतेक. आणि जीपीएल (मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना) असेल तर विकता येतं का मुळात?

---

त्रिज्या

येतं. जीपीएल किंमत लावायला मनाई करत नाही. घेणाऱ्याला सोर्स (मूळ कोड) आणि पुढे वाटण्याचा हक्क द्या, एवढंच मागतो. चित्रं काढायचं क्रिता स्टीम आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर पैसे घेऊन मिळतं, स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट. कॉन्व्हर्सेशन्स आणि डेव्हएक्स-५ ही अँड्रॉइड ॲप प्लेवर सशुल्क आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या एफ-ड्रॉइड स्टोअरवर फुकट आहेत. इथे लोक पैसे मोजतात ते सोयीने मिळणाऱ्या अपडेटसाठी आणि डेव्हलपर टिकावा म्हणून.

ॲपलच्या स्टोअरवर मात्र जपून. तिथल्या अटी आणि जीपीएल यांचं जुळत नाही अशी तक्रार एका सहलेखकाने केल्यावर व्हीएलसी २०११ च्या जानेवारीत तिथून काढलं गेलं होतं. बाहेरच्यांचे पॅच (कोडमधले बदल) घेतले असतील तर त्यांची संमती लागते.

आता लिनक्सची स्टोअरं. ॲपची माहिती स्टोअरला देणाऱ्या ॲपस्ट्रीमच्या मेटाइन्फो फाइलमध्ये 'यूआरएल' या खुणेला 'डोनेशन' असा प्रकार देऊन दुवा टाकता येतो. नोम सॉफ्टवेअर आणि केडीईचं डिस्कव्हर (लिनक्सवरची दोन स्टोअरं) तो दुवा ॲपच्या पानावर दाखवतात. पाच मिनिटांचं काम आहे, तरी कितीतरी प्रकल्पांनी केलेलं नसतं. फाइल ॲपस्ट्रीमच्याच पडताळणी साधनातून तपासून घ्या. एखादी खूण चुकली तर काही ठिकाणी ॲपचं पानच यादीत येत नाही.

पण कळफलक यांनी मांडलेली अडचण इथे पुरेपूर दिसते. ते पान माणूस इन्स्टॉल करण्यापूर्वी पाहतो. नंतर तो ॲप थेट मेनूतून उघडतो, स्टोअरच्या पानावर पुन्हा फिरकत नाही. म्हणून तोच दुवा ॲपच्या 'विषयी' खिडकीतही हवा.

एलिमेंटरी ओएस या लिनक्स प्रणालीच्या ॲपसेंटरने २०१७ मध्ये यावर वेगळा मार्ग काढला. डेव्हलपर किंमत सुचवतो, घेणारा ती बदलू शकतो, शून्यही करू शकतो, आणि शून्यावर घेतलेल्या ॲपसाठी नंतर पैसे देऊ शकतो. ७० टक्के डेव्हलपरला. तिथे पैशाचं बटण इन्स्टॉलच्याच बटणात बसवलेलं आहे. 'फुकट' हा पर्याय तुम्हाला स्वतःहून निवडावा लागतो, हा फरक छोटा नाही.

फ्लॅटहब या लिनक्स स्टोअरने २०२३ मध्ये देणगी आणि खरेदी दोन्ही आणायचा आराखडा मांडला, पण आधी 'हे ॲप खऱ्या डेव्हलपरचंच' याची पडताळणी सुरू केली. डेव्हलपर आपल्या डोमेनवर ठरलेल्या जागी एक टोकन (ओळख पटवणारी अक्षरमाला) असलेली फाइल ठेवतो, ती तपासली जाते. क्रम बरोबरच होता. फ्लॅटपॅक (तिथलं ॲपचं पॅकेज) कोणीही तिऱ्हाईत बांधून टाकू शकतो. मग पैसे बांधणाऱ्याला जायचे की लिहिणाऱ्याला?

---

मुळाक्षर

एफ-ड्रॉइड आणि प्ले दोन्हीकडे असणाऱ्यांसाठी: दोन बिल्ड फ्लेवर (एकाच सोर्सच्या दोन वेगळ्या बांधण्या) करा. प्लेच्या बांधणीत बिलिंग लायब्ररी (गूगलमार्फत पैसे घेणारा तयार कोड), एफ-ड्रॉइडच्या बांधणीत देणगीचा दुवा. बिलिंग लायब्ररी मुक्त नाही म्हणून एफ-ड्रॉइड ती घेणार नाही, आणि बाहेरचा देणगीचा दुवा प्लेच्या धोरणात अडकू शकतो. एकाच बांधणीत ॲप चालताना (रनटाइमला) तपासून लपवाछपवी केली तर दोन्हीकडून मार. एफ-ड्रॉइडच्या मेटाडेटात देणगी, लिबरापे, ओपन कलेक्टिव्ह यांचे वेगळे रकाने आहेत, तेही भरा.

---

निळी_शाई

सगळी चर्चा पैसे कुठून येतील यावर चालली आहे. मागायचे केव्हा यावर कोणीच बोललं नाही.

पहिल्या उघडण्यात मागू नका. तेव्हा वापरणाऱ्याकडे उत्तर द्यायला काहीच नसतं, तो 'नको' दाबतो, आणि एकदा 'नको' दाबलेला माणूस पुढे न वाचताच दाबतो. काम चालू असताना मागू नका. जतन करताना तर नाहीच. सब्लाइम टेक्स्ट मधूनमधून जतन करतानाच खिडकी दाखवतो आणि तरी विकला जातो हे खरं, पण तो दिवसभर उघडा असणारा एडिटर आहे. महिन्यातून दोनदा उघडल्या जाणाऱ्या ॲपने त्याची नक्कल केली तर लोक दुसरं ॲप शोधतात.

योग्य क्षण म्हणजे काम नुकतं पुरं झालेलं असतं तो: फाइल निर्यात झाली, बॅकअप संपला, यादी छापली गेली. एक साधा नियम चालतो: किमान तीन वेगवेगळ्या दिवशी वापर आणि दहा यशस्वी कामं, दोन्ही झाल्यावर एकदा विचारा. मोजणी मशीनवरच ठेवा, सर्व्हरला पाठवू नका. शेवटच्या कामात त्रुटी आली असेल तर त्या दिवशी गप्प बसा. क्रॅशनंतर पैसे मागणारी खिडकी यासारखं वाईट दृश्य नाही.

'नको' म्हटल्यावर किती काळ गप्प? माझ्या मते निदान वर्षभर. केडीईने प्लाझ्मा या आपल्या डेस्कटॉपच्या ६.२ आवृत्तीपासून वर्षातून एकदा, डिसेंबरात, देणगीची एक सूचना दाखवायला सुरुवात केली. एवढ्याशा गोष्टीने देणग्यांत भरघोस वाढ झाली, आणि ती सूचना बंदही करता येते. मेलचं ॲप थंडरबर्डही ॲपच्या आतूनच आवाहन करतो, आणि त्याचा गाडा मुख्यतः देणग्यांवर चालतो. वारंवारता वाढवून पैसे वाढतात हा समज आहे. लोकांना मुळात कधी विचारलेलंच नसतं, ते एकदा नीट विचारलं की फरक पडतो.

'नको' हे उत्तर आवृत्तीगणिक विसरू नका. पसंतीच्या फाइलमध्ये तारीख लिहा, 'आवृत्ती ३.२ साठी पाहिलं' असं लिहू नका. नाहीतर दर पंधरवड्याच्या अपडेटला खिडकी परत येते.

खिडकीत तीन रकमा, मधली आधीच निवडलेली, आणि स्वतःची रक्कम टाकायला एक जागा. आणि चौथं बटण: 'मी आधीच दिले आहेत'. पुरावा न मागता ते दाबल्यावर गप्प व्हा. दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर पैसे दिलेले लोक असतातच, आणि त्यांच्याशी मेलवर वाद घालण्यात जाणारा वेळ दोन-चार लबाडांनी बुडवलेल्या पैशांपेक्षा महाग असतो.

---

खटपट्या

शेवटच्या मुद्द्याशी असहमत. देणगीला ठीक. विक्रीच्या ॲपमध्ये पुराव्याशिवायचं बटण ठेवलं की ते दोन दिवसांत सगळीकडे माहीत होतं.

---

निळी_शाई

मी खिडकी गप्प करण्याबद्दलच बोलत होते, सोय उघडण्याबद्दल नाही. फाइल आवळून ठेवणारं विनरार ४० दिवसांची मुदत संपल्यावरही चालू राहतं, ध्वनिमुद्रणाचं रीपर ६० दिवसांनंतरही चालतं, नुसती खिडकी दाखवतं. दोन्ही वर्षानुवर्षं विकले जात आहेत. कुलूप घट्ट असण्यावर सगळं अवलंबून नसतं. मात्र दोन्हीकडे कंपन्या आणि व्यावसायिक ग्राहक आहेत, ज्यांना हिशोबात परवाना दाखवावा लागतो, हेही मान्य.

---

रिकामा_स्टॅक

आता डेस्कटॉपवरची विक्री, कारण तिथे सगळं स्वतः बांधावं लागतं.

पैसे घेण्याचं पान ॲपच्या आतल्या वेबव्ह्यूत (छोट्या ब्राउझर-चौकटीत) उघडू नका. बँकेची पडताळणी तिथे अडकते, पासवर्ड मॅनेजर चालत नाही, आणि पत्ता दिसत नसल्याने शहाणा माणूस कार्ड टाकतच नाही. गेटवेचं स्वतःचं पान बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडा. गेटवेची गुप्त चावी ॲपमध्ये ठेवायची नाही हे सांगायला नको, पण दिसते ठेवलेली.

परत ॲपमध्ये कसं यायचं? खास यूआरआय स्कीम (ॲप उघडणारा पत्त्याचा प्रकार) नोंदवून 'ॲप उघडा' करता येतं, पण इन्स्टॉल न करता चालणाऱ्या पोर्टेबल बांधणीत आणि लिनक्सच्या ॲपइमेजमध्ये ती नोंद बहुधा नसतेच. त्यापेक्षा असं करा: ॲप एक यादृच्छिक टोकन बनवतं, ते ब्राउझरच्या पत्त्यात देतं, तुमचा सर्व्हर ते ऑर्डरला जोडतो (स्ट्राइपमध्ये यासाठी क्लायंट रेफरन्स आयडी हा रकाना आहे, २०० अक्षरांपर्यंत), आणि ॲप दर पाच सेकंदांनी दहा मिनिटं सर्व्हरला विचारतं. कोणी मधेच ॲप बंद करतो, म्हणून किल्ली (पैसे दिल्याचा पुरावा असलेला मजकूर) मेलनेही पाठवा.

'पैसे मिळाले' या पानावर कोणी पोचलं म्हणजे पैसे मिळाले असं समजू नका. त्या पानाचा पत्ता हाताने टाकता येतो. वेबहुक, म्हणजे गेटवेने तुमच्या सर्व्हरला स्वतः पाठवलेला निरोप, आला तरच किल्ली द्या. वेबहुकमध्ये तीन गोष्टी हमखास चुकतात. एक, सही मूळ बाइट्सवर तपासायची असते आणि वेब फ्रेमवर्क आधीच निरोपाचा मजकूर (जेसन) उलगडून टाकतं, मग सही जुळत नाही आणि वैतागून कोणीतरी तपासणीच काढून टाकतो. दोन, तोच निरोप पुन्हा येतो. घटनेचा आयडी नोंदवून ठेवला नाही तर एका ऑर्डरला दोन किल्ल्या जातात. तीन, निरोप क्रमाने येतातच असं नाही: परताव्याचा आधी, खरेदीचा नंतर, असंही होतं. उत्तर लगेच द्यायचं आणि मेल वगैरे काम मागे रांगेत टाकायचं. तुमचा सर्व्हर पडला तर स्ट्राइप तीन दिवसांपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवत राहतं.

किल्ली स्वतःच पुरावा असेल अशी करा. आत ऑर्डर क्रमांक, उत्पादन, तारीख आणि त्यावर ईडी२५५१९ या पद्धतीची डिजिटल सही. सार्वजनिक चावी ॲपमध्ये, खाजगी चावी फक्त सर्व्हरवर. मग इंटरनेटशिवायही तपासता येते. नुसती सही ६४ बाइट असते, बेस-३२ मध्ये (३२ अक्षर-अंकांच्या लिपीत) लिहिली तर १०३ अक्षरं होतात. म्हणून ही किल्ली हाताने टाइप करायची कल्पना सोडा; मजकूर चिकटवू द्या किंवा फाइल ओढून टाकू द्या. चिकटवताना मेलमधून आलेल्या मोकळ्या जागा आणि ओळीचे तुकडे आधी साफ करा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. ॲपमध्ये पहिल्या दिवसापासून दोन सार्वजनिक चाव्या ठेवा. एकीची खाजगी चावी फुटली तर दुसरीवर जाता येतं, जुने ग्राहक अडत नाहीत.

---

बिट्टू

'एक वर्षाचे अपडेट' विकायचे असतील तर? लोक घड्याळ मागे करतील ना.

---

रिकामा_स्टॅक

घड्याळाकडे बघायचंच नाही. किल्लीतल्या तारखेची तुलना ॲपच्या बांधणीच्या तारखेशी करा, जी बायनरीतच (बांधून तयार झालेल्या प्रोग्रॅममध्ये) लिहिलेली असते. बांधणी किल्लीच्या मुदतीआधीची असेल तर चालेल, कायमचं. नंतरची असेल तर चालणार नाही, जुनी आवृत्ती मात्र चालत राहील. जेटब्रेन्स या कंपनीचा फॉलबॅक परवाना याच विचारातला आहे. रीपर तारखेऐवजी आवृत्ती धरतं: आताची मुख्य आवृत्ती आणि तिच्या पुढची एक. फक्त सुरक्षिततेच्या दुरुस्त्या मुदत संपलेल्यांनाही द्या, त्यासाठी जुन्या शाखेवर बांधणी करून तीत मूळ तारीख ठेवावी लागते.

---

खटपट्या

कार्ड-टेस्टिंगचं कोणी लिहिलं नाही. चोरलेली कार्ड चालू आहेत का हे तपासायला टोळ्यांना 'कितीही रक्कम टाका, खातं नको' अशी पानं फार आवडतात. देणगीचं पान म्हणजे नेमकं तेच. एका रात्रीत एक-एक डॉलरचे शेकडो प्रयत्न येतात, थोडे यशस्वी होतात, आणि काही आठवड्यांनी कार्डमालक तक्रारी करतात. स्ट्राइप अमेरिकेत प्रत्येक वादाला १५ डॉलर लावतं. एक डॉलर मिळवला, सोळा गेले. वादांचं प्रमाण वाढलं तर खातंही बंद होतं.

उपाय: किमान रक्कम वाढवा (वरच्या हिशोबानेही हेच निघालं), कॅप्चा लावा, एका आयपी पत्त्यावरून तासाला पाचच्या वर प्रयत्न थांबवा, आणि नाकारल्या गेलेल्या व्यवहारांचं प्रमाण एकदम चढलं की स्वतःला सूचना येईल असं करा. संशयास्पद यशस्वी व्यवहार दिसले तर तक्रारीची वाट न बघता स्वतःच परत करा. शुल्क बुडेल, पण पंधरा डॉलर वाचतील.

---

त्रिज्या

कराचं एका ओळीत: युरोपीय संघात १ जानेवारी २०१५ पासून डिजिटल वस्तूवरचा व्हॅट साधारणपणे ग्राहकाच्या देशाच्या दराने लागतो. स्वतः विकत असाल तर ग्राहक कुठला हे नोंदवावं लागतं. हे टाळायचं असेल तर विक्रेता-सेवेचे ते ५ टक्के अधिक ५० सेंट महाग नाहीत.

---

कळफलक

उत्तम चाललं आहे. लायब्ररी लिहिणाऱ्यांचं राहिलं. त्यांचं सॉफ्टवेअर इन्स्टॉल होतं, पण त्याला खिडकीच नसते.

---

रिकामा_स्टॅक

२०१९ मध्ये एका लायब्ररीने इन्स्टॉलनंतर टर्मिनलमध्ये प्रायोजकांची जाहिरात छापायला सुरुवात केली. गदारोळ झाला, जावास्क्रिप्टची पॅकेजं पुरवणाऱ्या एनपीएमने अशा जाहिरातींवर बंदी घातली आणि त्याच वर्षी आवृत्ती ६.१३ मध्ये 'एनपीएम फंड' ही आज्ञा आणली. पॅकेजच्या जेसन फाइलमध्ये 'फंडिंग' या रकान्यात दुवा टाकला की इन्स्टॉल संपताना 'इतकी पॅकेजेस निधी शोधत आहेत' अशी एकच ओळ येते, आणि आज्ञा दिली की पूर्ण यादी. कोड ठेवायच्या गिटहब या संकेतस्थळावर त्याच वर्षी 'फंडिंग' नावाची वायएमएल फाइल आली. ती ठेवली की रेपॉझिटरीच्या (प्रकल्पाच्या कोडच्या) पानावर प्रायोजकत्वाचं बटण दिसतं.

खरं सांगायचं तर त्या ओळीवरून पैसे देणारे थोडे. बिल्ड सर्व्हरवर (आपोआप बांधणी करणाऱ्या मशीनवर) ती ओळ कोणी वाचत नाही. तिचा उपयोग वेगळा: एखादी कंपनी ठरवते की आपण ज्यावर उभे आहोत त्यांना काही द्यायचं, तेव्हा तिला यादी आयती मिळते. म्हणून दुवा थेट पैसे घेणाऱ्या पानाचा द्या, प्रकल्पाच्या मुखपृष्ठाचा नको, आणि तिथे पावती मिळते का ते पाहा. पावतीशिवाय कंपनीचा हिशोब विभाग एक पैसाही सोडत नाही.

---

मुळाक्षर

बिट्टू, तुमचा व्यनि (खाजगी निरोप) पाहिला, उत्तर इथेच देते म्हणजे इतरांनाही उपयोगी पडेल. परतावा घेतल्यावर उघडलेली सोय बंद करायची का? प्लेवर 'व्हॉइडेड पर्चेसेस' हा एपीआय (रद्द झालेल्या खरेद्यांची यादी देणारी सोय) रोज एकदा विचारा आणि त्या खरेद्या रद्द करा, पण त्या सोयीने बनवलेल्या फाइल उघडता आल्या पाहिजेत, निदान वाचण्यापुरत्या. डेस्कटॉपवर, सहीची किल्ली इंटरनेटशिवाय तपासली जात असल्याने परत घेता येत नाही. रद्द ऑर्डर क्रमांकांची एक छोटी यादी पुढच्या आवृत्तीत घालून द्या, तेवढं पुरे. शंभरात एखाद्याने परतावा घेऊन जुनी आवृत्ती वापरली तर वापरू द्या. त्याच्यासाठी प्रामाणिक ग्राहकाच्या ॲपला रोज सर्व्हरला फोन लावायला लावू नका. सर्व्हर ज्या दिवशी पडेल त्या दिवशी पैसे भरलेलेच बाहेर राहतील.

---

बिट्टू

धन्यवाद. बांधणीच्या तारखेची युक्ती आजच लावतो. एक शंका उरली: रिप्रोड्युसिबल बिल्ड (तोच सोर्स पुन्हा बांधला की तंतोतंत तीच फाइल) हवी असेल तर बायनरीत तारीख कशी घालायची? दर बांधणीला ती बदलणार.

---

रिकामा_स्टॅक

बांधणीची वेळ घेऊ नका, शेवटच्या कमिटची (कोडमध्ये नोंदवलेल्या बदलाची) घ्या. 'सोर्स डेट इपॉक' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल याचसाठी आहे. तोच सोर्स कुठेही बांधला तरी तारीख तीच येते.